चहा हवाच; पण कसा आणि केव्हा?

मैत्रिणींनो, काल दिवसभरात तुम्ही किती कप चहा घेतलात? हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि मोजा बरं. सकाळचा एक आणि दुपारी चारचा एक, म्हणजे दोनच, असं तुम्ही चटकन म्हणाल. मीही तसंच म्हणत असे. पण यजमान ड्यूटीवर निघाले तेव्हा पातेल्यात उरलेला घोटभर कोणी घेतला? दहा वाजता रात्रीच्या पोळीबरोबर घेतला तो? पायरीवर मेथी निवडत बसलो असताना शेजारच्या वहिनी आल्या, त्यांना एकट्यांना कसा द्यायचा म्हणून सोबतीला अर्धा घेतला, तो कुठल्या हिशेबात धरायचा? पुरुषमाणसं कप मोजतात. आपण बायका अर्धे-अर्धे घेतो आणि अर्धे आपण धरतच नाही!

आमच्या वरणगावात तर विचारायलाच नको. भुसावळ-वरणगावचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि अशा वेळी कोणी दारात आलं तर आधी माठातलं पाणी आणि पाठोपाठ “चहा टाकते हं” हे ठरलेलंच. “नको” म्हटलं तर “अर्धा तरी घ्या” असा आग्रह. चहा न घेता उठलं तर घरची बाई मनाला लावून घेते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, असाच एकदा हिशेब केला. त्यांचे दिवसाचे सात कप भरले. अक्कांची गोष्ट मी पुढे सांगणारच आहे, कारण हा लेख लिहावासा वाटला तो त्यांच्यामुळेच. पण त्याआधी जरा चहाकडेच वळू या. जी वस्तू आपण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चुलीवर चढवतो, ती नीट करायला आपल्याला कोणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. आईनं केला तसा आपण केला, आणि सासरी आल्यावर सासूबाईंना आवडतो तसा करू लागलो, एवढंच आपलं शिक्षण!

पहिली गंमत अशी की हिरवा चहा, काळा चहा, दार्जिलिंगचा, आसामचा, हे सगळे एकाच झाडाचे. पानं तोडल्यावर त्यांचं काय करतात त्यावर चहाची जात ठरते. पानं लगेच वाफवून किंवा भाजून वाळवली की हिरवा चहा. मळून, हवेत काळवंडू देऊन मग वाळवली की काळा. आपल्या डब्यात जो दाणेदार चहा असतो तो यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेला. इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून त्याला ‘सीटीसी’ म्हणतात. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं. ह्या दाण्याला रंग पटकन सुटतो, चव कडक येते आणि थोड्या पावडरीत जास्त कप होतात, म्हणून आपल्या दुधाच्या चहाला तो सोयीचा. अख्ख्या पानाचा चहा वेगळा. दार्जिलिंगचा बराचसा चहा तसा असतो. तो दुधात उकळणं म्हणजे बनारसी शालू धोपटण्याने धुणं!

आसामात रानटी चहा उगवतो ही गोष्ट इंग्रजांना १८२३ साली कळली. तिथले सिंगफो लोक मात्र तो आधीपासूनच पीत होते. तिथला चहा १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात विकला गेला. आपल्या लोकांना ह्याची गोडी पुढे फार उशिरा, आणि चक्क जाहिरातीनं लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात चहाच्या प्रचारमंडळाची माणसं गावोगाव फिरून फुकट चहा पाजत. रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतल्या पत्र्याच्या पाट्या लागत. त्यांवर कृती असे : ताजं पाणी उकळा, किटली गरम करा, माणशी एक चमचा चहा टाका, पाच मिनिटं झाकून ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांनी ही कृती पाहिली असेल-नसेल. केलं मात्र भलतंच. पाणी, दूध, साखर, चहा सगळं एका पातेल्यात घातलं, वर आलं ठेचून टाकलं आणि खळाखळा उकळलं. साहेबाला ते मुळीच पसंत पडलं नसतं. पण आज देशभर चालतो तो आज्यांचाच चहा.

आता हा आपला चहा. दोन कपांना एक कप पाणी आणि एक कप दूध घेतलं तर उकळताना थोडं आटतं, म्हणून पाणी पाऊण वाटी जास्तच घ्यावं. माणशी एक लहान चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पावडर पुरते. आधी पाणी उकळावं, आलं घालायचं असेल तर ते पाण्यातच घालावं, मग पावडर घालून दोन मिनिटं उकळू द्यावं आणि दूध शेवटी घालून एक-दोन उकळ्या आणाव्यात. आलं पाण्यातच का, ते सांगते. कच्च्या आल्यात दुधाला फाडणारा एक गुण असतो. तीन-चार मिनिटं पाण्यात उकळलं की तो जातो. नवी सून पाहुण्यांसमोर चहा करते, वरून हौसेनं आलं किसते, आणि दूध नासतं. मग दोष दूधवाल्याला! असं माझंच झालेलं आहे, म्हणून खात्रीनं लिहिते.

पावडर जास्त वेळ उकळली की चहा ‘कडक’ होत नाही, कडू आणि तुरट होतो. कडक हवा असेल तर पावडर थोडी वाढवावी, वेळ वाढवू नये. आणि सकाळचा चहा झाकून ठेवून नऊ वाजता पुन्हा उकळायचा, दहाला पुन्हा, ही काटकसर अगदी सोडून द्या. अर्धा कप दूध वाचतं, पण चव जाते आणि पोटात जळजळ होते ती निराळीच.

पाण्याचंही मोठं प्रकरण आहे. आपल्याकडे तापीवरचं हतनूर धरण जवळ, तरी अनेक घरी नळाबरोबर बोअरचंही पाणी वापरतात. बोअरचं पाणी जड असलं तर चहावर तेलकट दिसणारी साय धरते आणि कपाच्या कडेला तपकिरी वळं उमटतं. ते तेल नसतं; पाण्यातले क्षार आणि चहातला तुरटपणा यांची ती जोडी जमलेली असते. अशा पाण्यात उंची चहाही फिका लागतो. चहापुरतं पिण्याचं गोडं पाणी वापरलं की फरक पहिल्याच घोटाला कळतो. कपांचे आणि गाळणीचे डाग खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवले की सुटतात. घासून-घासून गाळणीची जाळी फाडू नका.

गुळाचा चहा हल्ली पुन्हा आला आहे. पूर्वी साखर परवडत नसे म्हणून घरोघरी होई, आता शहरात पाट्या लावून विकतात. तो फुटतो ही सगळ्यांची तक्रार. गूळ थोडा आंबटसर असतो, त्यात क्षार असतात. उकळत्या चहात गूळ आणि दूध एकत्र आले की दूध फाटतं. म्हणून चहा-आलं पाण्यात उकळून घ्यावं, गॅस बंद करून त्यात गूळ विरघळवावा, गाळावं, आणि वेगळं तापवलेलं दूध सगळ्यात शेवटी कपात ओतावं. एकदा दूध पडलं की पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. एवढं पथ्य पाळलं तर फुटत नाही.

गवती चहा मात्र आपला घरचा. मोरीच्या पाण्यावर, नळाच्या कडेला एक ठोंब लावला की वर्षभर पुरतो. नावात चहा असला तरी चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. तो गवताच्या कुळातला. पाती धारदार असतात, हात कापतो. कात्रीनं कापा, धुवा, गाठ मारून पाण्यात टाका. त्यात चहाची पावडर न घालता नुसतं आलं, तुळशीची चार पानं आणि चवीपुरता गूळ घालून केलेला उकाळा पावसाळ्यात फार छान लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मसाला विकत आणण्यापेक्षा घरी करावा. सुंठ पन्नास ग्रॅम, वेलदोडे पंचवीस, मिरे आणि दालचिनी दहा-दहा, लवंगा पाच ग्रॅम आणि अर्धं जायफळ. कडक उन्हात वाळवून मिक्सरमध्ये दळावं. दोन कपांना चिमूटभरच घालावं, नाहीतर चहाचा काढा होतो. चहाचा डबा मात्र मसाल्याच्या आणि हिंगाच्या डब्याशेजारी ठेवू नका. चहा वास फार पटकन ओढून घेतो.

आमच्या इथे १९६४ साली ऑर्डनन्स फॅक्टरी सुरू झाली, आणि तिच्या वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतली बिऱ्हाडं आली. तिथल्या ओळखीतून मला चहाचे परके प्रकार कळले. एका बंगाली बाईंनी मला पहिल्यांदा बिनदुधाचा चहा पाजला. लिंबू, साखर आणि चिमूटभर काळं मीठ घातलेला. मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या खेपेला मागून घेतला! अख्ख्या पानाचा चहा करायची रीतही त्यांचीच : पाणी उकळून खाली उतरवायचं, पान घालायचं, झाकण ठेवायचं, तीन-चार मिनिटांनी गाळायचं. केरळकडचा सुलेमानी ह्याच्याच जवळचा, लिंबू आणि वेलदोड्याचा. काश्मीरकडे मिठाचा गुलाबी चहा करतात, हिरवी पानं सोडा घालून खूप वेळ उकळतात, दूध घातलं की गुलाबी रंग येतो. हे मात्र मी फक्त ऐकलेलं. करून पाहायचं धाडस झालं नाही.

हिरव्या चहाचं सध्या फार कौतुक आहे. करायचाच तर पाणी खळखळतं नको. उकळून दोन-तीन मिनिटं निवू द्यावं, मग चहा घालून दोन-तीन मिनिटांत गाळावा. उकळला की तो कडूच होणार. वजन उतरेल ह्या आशेनं पोटभर जेवून वर हिरवा चहा घेणाऱ्या कितीतरी जणी मी पाहते. त्यांच्यासाठी पुढचा भाग मुद्दाम वाचण्यासारखा आहे.

तर आता अक्का.

अक्का पंचेचाळिशीच्या. घरात सगळ्यांच्या आधी उठणार, सगळ्यांच्या नंतर जेवणार. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना धाप लागायला लागली, पाय ओढायचे, केस गळायचे. “वय झालं” म्हणून त्यांनी महिनोन् महिने काढले. शेवटी तपासणी झाली. हिमोग्लोबिन आठ! बाईमाणसाचं बारा असावं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, अक्कांनी त्या एकही न चुकवता तीन महिने घेतल्या. पुन्हा तपासलं तर आठ पूर्णांक तीन. आम्ही घाबरलो. आणखी काही मोठं दुखणं तर नाही ना?

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि साधा प्रश्न विचारला, “मावशी, गोळी कशाबरोबर घेता?”

“चहासंगे घेते की. पाण्यासंगे मळमळतं मला.”

“आणि सकाळी खाता काय?”

“चहा-भाकर.”

मैत्रिणींनो, चहा-भाकर किंवा चहा-पोळी ही आपल्या कितीतरी घरांतली बाईची न्याहारी. सगळ्यांना गरम पोहे करून द्यायचे आणि आपण रात्रीची शिळी भाकरी चहात बुडवून उभ्या-उभ्या खायची. बाजरीत लोह चांगलं असतं. पण चहातला जो तुरट अंश असतो तो अन्नातल्या लोहाला धरून ठेवतो आणि ते रक्तात जाऊ देत नाही. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतून मिळणाऱ्या लोहाचं असं विशेष होतं, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत लोह येतं ते ह्याच वाटेनं. जेवणाबरोबर चहा घेतला तर शरीराला मिळणारं लोह निम्म्याहून कमी होऊ शकतं. दूध घातलं म्हणून, किंवा हिरवा चहा आहे म्हणून सुटका नाही. गुळात लोह असतं म्हणून गुळाचा चहा पिणाऱ्या मैत्रिणींनो, त्या कपात गूळ देतो आणि चहा काढून घेतो! आणि अक्का तर लोहाची गोळीच चहाबरोबर गिळत होत्या.

हे दुखणं एकट्या अक्कांचं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या तर त्यांतल्या पाच तरी. ह्याला चहा हे एकच कारण नव्हे, हे स्पष्ट सांगते. अक्कांनाही पाळीला जास्त जात होतं, ते कोणाला सांगितलंच नव्हतं. त्यावरही औषध सुरू झालं. शेवटी जेवणं, उरलंसुरलं खाणं, लागोपाठ बाळंतपणं, सगळंच त्यात येतं. पण बाकीच्या गोष्टी बदलायला घर हलवावं लागतं. चहाची वेळ बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत जेवणाआधी निदान तासभर आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये असंच म्हटलं आहे. एका दीडशे मिलिलिटर कपात चहातलं उत्तेजक द्रव्य तीस ते पासष्ट मिलिग्रॅम जातं आणि दिवसाला तीनशेच्या वर जाऊ नये, असंही त्यांत आहे. अक्कांचे सात कप त्या रेघेच्या आसपासच फिरत होते. मग रात्री झोप लागत नाही म्हणून तक्रार, आणि झोप नाही म्हणून सकाळी डोकं दुखतं, आणि डोकं दुखतं म्हणून चहा!

साखरेचंही सांगून टाकते. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम साखर. घरात चार मोठी माणसं आणि प्रत्येकी पाच कप धरले तर दिवसाला दोनशे ग्रॅम, महिन्याला सहा किलो. वाण्याच्या यादीत साखर इतकी का लागते ह्याचं उत्तर पातेल्यात असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाची सगळी वरची साखर पन्नास ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास पंचवीसच्या आत ठेवायला सांगते. पाच कपांत पन्नास झालीच, वर चहाबरोबरचं बिस्कीट निराळं. आम्ही दर पंधरा दिवसांनी पाव-पाव चमचा कमी करत गेलो. घरात कोणालाही सांगितलं नाही. आमच्या ह्यांना दोन महिन्यांनी कळलं, तेही शेजारी जाऊन चहा घेतला तेव्हा! “त्यांच्याकडचा चहा फार गोड लागला गं,” म्हणाले.

उपासाच्या दिवशी विशेष सांभाळा. एकादशी, सोमवार, चतुर्थी, दिवसभर पोटात काही नाही आणि चहाचे सहा कप. चहानं भूक मरते, पोट भरत नाही. त्यापेक्षा आपल्याकडे केळ्यांना काय तोटा आहे? रावेर-यावलच्या बागा जवळच आहेत. एक कप कमी करून दोन केळी खावीत.

सुटा चहा आणत असाल तर तोही तपासून पाहा. टिपकागद किंवा गाळणकागद ओला करून त्यावर चिमूटभर पावडर पसरावी. लगेच पिवळे-तांबूस ठिपके फुटले तर रंग मिसळलेला आहे असं समजावं. चांगल्या चहाला रंग सावकाश सुटतो. मुलांच्या दप्तरात लोहचुंबक असतोच. तो कागदावर पसरलेल्या पावडरीवरून फिरवावा. चुंबकाला लोखंडाचा कीस भरपूर चिकटला तर ती पावडर परत करा. हे लोह काही अंगी लागणारं नव्हे!

आता अक्कांचं वेळापत्रक सांगते, कारण ते चालून गेलं. सकाळी उठल्यावर चहा एक कप, पण नुसता. भाकरी त्याच्याबरोबर नाही. भाकरी सव्वा-दीड तासानं, सगळ्यांसाठी होतं त्यातल्याच गरम पोह्यांबरोबर किंवा आंबाडीच्या भाजीबरोबर, वर लिंबू पिळून. लिंबू, पेरू, आवळा ह्यांनी लोह अंगी लागायला मदत होते. दुपारच्या जेवणानंतर चहा बंद. लोहाची गोळी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून रात्री जेवणानंतर, लिंबू-पाण्याबरोबर. मळमळ त्यानं बरीच कमी झाली. शेजारणी आल्या तर त्यांना चहा आणि स्वतःला गवती चहाचा उकाळा, पावडर न घालता. पहिल्या आठवड्यात डोकं फार दुखलं, “माय, जीव चालला माझा चहावाचून,” म्हणायच्या. सात कप एकदम दोन केले म्हणून तसं झालं. तुम्ही करणार असाल तर एक-एक कप कमी करा.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा झालं, पुढच्या तपासणीत साडेअकरा. जिना आता धाप न लागता चढतात. गोळ्या अजून काही दिवस आहेत.

चार वाजताचा चहा मात्र अक्कांनी सोडलेला नाही, आणि कोणी सोडा म्हणायचं धाडसही करत नाही. उन्हं कलली की दारात चटई टाकतात, आलं घालून चांगला भरून कप घेतात, बशीत ओततात आणि सावकाश पितात. त्या वेळी सून हाक मारते, नातू ओरडतो, कुकरची शिट्टी होते. “थांब गं,” म्हणतात, “माझा चहा व्हायचाय.” पूर्वी सातही कप त्या उभ्यानं प्यायच्या.